कॅमेरा चालू, पण फिल्म कुठाय? इन्स्टंट फोटोच्या धंद्याचा धडा



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण इन्स्टंट फोटोच्या धंद्याबद्दल बोललो. बटण दाबलं की कॅमेऱ्यातून कोरा कागद बाहेर येतो आणि बघता बघता त्यावर चेहरा उमटतो, तोच हा फोटो. कोणी त्याला पोलरॉइड म्हणतं, कोणी नुसतं 'लगेचचा फोटो'. हळदीला, बारशाला, डोहाळजेवणाला हल्ली याची मागणी पुन्हा दिसायला लागली आहे. त्यामुळे एक प्रश्न वारंवार येतो: "सर, जुना इन्स्टंट कॅमेरा स्वस्तात मिळतोय. घेऊ का? धंदा होईल का?"

व्हिडिओत वेळ कमी होता म्हणून आकडे आणि बारकावे राहिले. ते सगळे इथे देतोय. उत्तर आधीच सांगून टाकतो: कॅमेरा घेण्याआधी फिल्म शोधा. असं का म्हणतोय ते समजून घ्या, कारण हा धडा फक्त फोटोवाल्यांसाठी नाही. पिठाची गिरणी असो, झेरॉक्सचं दुकान असो की मसाल्याचं युनिट, मशीन आणि त्याला लागणारा माल यांचं गणित सगळीकडे सारखंच असतं.

## समजा, तुमचा स्टुडिओ बेंबळीत आहे

धाराशिव तालुक्यातलं बेंबळी डोळ्यासमोर आणा. शाळा आहे, पोलीस ठाणं आहे, आसपासच्या गावांतून रोजची ये-जा आहे. अशा गावात फोटो स्टुडिओचं उत्पन्न कुठून येतं? पासपोर्ट साईज फोटो, शाळा-कॉलेजच्या ॲडमिशनचा सीझन, लग्नाच्या ऑर्डरी, जोडीला झेरॉक्स आणि लॅमिनेशन. त्यातले घरगुती फोटो मोबाईलनं कधीच खाल्ले. लग्नाची मोठी ऑर्डर धाराशिव, सोलापूर, लातूरच्या ड्रोनवाल्या टीमकडे जाते. गावातल्या स्टुडिओवाल्याच्या हातात फुटकळ कामं उरतात.

पण दुसरी बाजूही बघा. तुळजापूर जवळ आहे. लग्न झालं की जोडपं भवानीच्या दर्शनाला जातं, घरी गोंधळ घातला जातो, पाहुणे जमतात. मोबाईलमध्ये हजार फोटो निघतात, पण हातात कागद एकाचाही नसतो. सहा महिन्यांनी मोबाईल बदलला की ते फोटोही गेले. 'हातात मिळणारा फोटो' ही गरज संपलेली नाही, फक्त ती पुरवणारं कोणी समोर नाही. म्हणून इन्स्टंट फोटोची कल्पना वाईट नाही. प्रश्न एवढाच आहे की ती कोणत्या मशीनवर आणि कोणत्या हिशोबावर उभी करायची.

त्यासाठी आधी थोडा इतिहास बघू. कंटाळा करू नका, यातच पैशाची गोष्ट आहे.

## एका लहान मुलीचा प्रश्न

एडविन लँड हे अमेरिकन संशोधक. पोलरॉइड कंपनी त्यांचीच. १९४३ साली ते सुट्टीला सांता फे इथे गेले होते. त्यांनी फोटो काढला तेव्हा तीन वर्षांच्या मुलीनं विचारलं, फोटो आत्ताच का दिसत नाही? त्या काळात रोल धुवायला देऊन दिवसेंदिवस वाट पाहायला लागायची. लँड यांनी तो प्रश्न मनावर घेतला. १९४७ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कमध्ये त्यांनी हे तंत्र लोकांना दाखवलं आणि २६ नोव्हेंबर १९४८ ला बोस्टनच्या जॉर्डन मार्श या दुकानात पहिला कॅमेरा, मॉडेल ९५, विक्रीला आला. दुकानात ठेवलेले कॅमेरे पहिल्याच दिवशी संपले.

सुरुवातीच्या फिल्मला हातानं सोलून दोन थर वेगळे करायला लागायचे. १९७२ साली एसएक्स-७० हा घडीचा कॅमेरा आला आणि सोलायची भानगड संपली. कागद बाहेर येताना दोन रुळांमधून दाबला जातो, त्याच्या कडेला असलेली रसायनाची पुडी फुटते, रसायन आत सगळीकडे पसरतं आणि फोटो आपोआप तयार होतो. म्हणजे अख्खी डार्करूम त्या एका कागदात बसवलेली आहे. फोटोच्या खाली जी रुंद पांढरी पट्टी दिसते, ती शोभेची नाही. रसायनाची पुडी तिथेच असते.

आता उद्योजक म्हणून विचार करा. गिऱ्हाईकाची नेमकी तक्रार कोणती होती? "वाट बघायला लागते." लँड यांनी फोटो जास्त चांगला केला नाही. साध्या रोलचा फोटो कितीतरी वेळा जास्त स्पष्ट यायचा. त्यांनी फक्त वाट बघणं काढून टाकलं, आणि लोकांनी त्यासाठी जास्त पैसे मोजले.

## पैसा कॅमेऱ्यात नव्हता

पोलरॉइडचा खरा नफा कॅमेऱ्यावर नव्हता, फिल्मवर होता. कॅमेरा गिऱ्हाईक एकदाच घेणार, फिल्म मात्र आयुष्यभर घेत राहणार. दाढीचं हँडल स्वस्त आणि ब्लेड महाग, प्रिंटर स्वस्त आणि शाई महाग, तसंच हे.

हे मॉडेल किती फायद्याचं आहे ते बाकीच्यांनाही कळत होतं. १९७६ साली कोडॅक या धंद्यात उतरली. पोलरॉइडनं त्याच वर्षी पेटंटचा दावा ठोकला. १९८५ साली निकाल कोडॅकच्या विरोधात गेला आणि जानेवारी १९८६ मध्ये कोडॅकला इन्स्टंट कॅमेरे आणि फिल्म, दोन्ही बंद करावं लागलं. १९९१ साली प्रकरण मिटलं तेव्हा कोडॅकनं पोलरॉइडला ९२.५ कोटी डॉलर दिले.

पण आपल्याला बघायचं आहे ते गिऱ्हाईकाकडे. कोडॅकचे दीड कोटीपेक्षा जास्त इन्स्टंट कॅमेरे लोकांच्या घरात होते. त्यांच्यात काही बिघाड नव्हता. लेन्स चांगली, मोटर चांगली, फ्लॅश चांगला. तरी फिल्म बंद झाल्यामुळे ते एका निकालात नुसते डबे झाले. दुसऱ्याच्या कोर्टकचेरीत आपलं मशीन बंद पडू शकतं, हे डोक्यात पक्कं ठेवा.

## मग फिल्म संपली कशी?

१९९१ च्या सुमारास पोलरॉइडची वर्षाची विक्री तीन अब्ज डॉलरच्या घरात होती. त्यानंतर डिजिटल कॅमेरा आला. पोलरॉइडला हे तंत्र माहीत नव्हतं असं समजू नका. त्यांनी १९९६ साली स्वतःचा डिजिटल कॅमेराही काढला होता. अडचण वेगळी होती. सगळा नफा फिल्मवर, आणि डिजिटलला तर फिल्मच लागत नाही. स्वतःच्या दुभत्या म्हशीला स्वतःच दावणीतून सोडायचं, हे कोणत्याही मालकाला जड जातं.

ऑक्टोबर २००१ मध्ये कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. नंतर मालक बदलत गेले आणि फेब्रुवारी २००८ मध्ये इन्स्टंट फिल्मचं उत्पादन थांबवण्याची घोषणा झाली. सोलायच्या जातीची फिल्म जपानची फुजीफिल्म आणखी काही वर्षं बनवत होती. जगभरच्या पासपोर्ट फोटोवाल्यांचे चार लेन्सचे कॅमेरे याच जातीच्या फिल्मवर चालायचे. फुजीनं २०१६ मध्ये तिचा शेवटचा प्रकार, एफपी-१००सी, बंद केला. त्या कॅमेऱ्यांचं कामही तिथेच जवळपास संपलं.

आपल्याकडेही असं घडलंच. उटीची हिंदुस्तान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी 'इंदू' नावानं फिल्म बनवायची. रोल गेले, तशी तीही बंद पडली.

## दोघांनी दोन वाटा काढल्या

पहिली वाट नेदरलँड्समधली. एन्स्खेडे गावात पोलरॉइडचा फिल्म कारखाना होता. २००८ साली तो बंद होताना फ्लोरियन काप्स आणि त्याच कारखान्यात काम केलेले आंद्रे बोसमन यांनी मशिनरी विकत घेतली, जुन्या कामगारांतले काही अनुभवी लोक सोबत घेतले आणि 'इम्पॉसिबल प्रोजेक्ट' सुरू केला. मशीन होतं, माणसं होती, पण रसायनं आणि सुटा माल पुरवणारे कारखाने बंद झाले होते. म्हणजे जुना फॉर्म्युला हातात असूनही उपयोग नव्हता. नवीन रसायन तयार करायला लागलं. मार्च २०१० मध्ये त्यांची पहिली फिल्म आली, तीही फक्त कृष्णधवल. उजेडाला आणि तापमानाला ती फार नाजूक होती. तरी जुने कॅमेरे जपून ठेवलेल्या लोकांनी ती घेतली, कंपनी टिकली, फिल्म सुधारत गेली. २०१७ साली पोलरॉइडचं नावही त्यांच्याच गटाकडे आलं. आज बाजारात जी पोलरॉइड फिल्म मिळते ती या लोकांची.

दुसरी वाट जपानमधली. फुजीफिल्मनं १९९८ साली 'इन्स्टॅक्स' आणला. २००२ च्या सुमाराला वर्षाला दहा लाख कॅमेरे विकले गेले. दोनच वर्षांत तो आकडा एक लाखाच्या आसपास उतरला, कारण मोबाईलमध्ये कॅमेरा आला होता. दुसऱ्या कोणी दुकान बंद केलं असतं. फुजीनं बंद केलं नाही. २००७ च्या सुमारास एका कोरियन मालिकेत हा कॅमेरा दिसला आणि तरुण मुलींमध्ये मागणी सुरू झाली. फुजीनं ती खूण ओळखली. कॅमेऱ्याला गोड रंग दिले, वापर सोपा केला आणि 'फोटोग्राफी' विकण्याऐवजी 'मैत्रिणीच्या हातात देण्याची आठवण' विकायला सुरुवात केली. २०१८-१९ च्या आर्थिक वर्षात विक्री एक कोटीवर गेली.

वस्तू तीच राहिली. गिऱ्हाईक बदललं आणि ती घेण्याचं कारण बदललं.

## आपल्या मातीतलं उदाहरण: गेटवेचे फोटोवाले

मुंबईत गेटवे ऑफ इंडियासमोर हातात फोटोंचा अल्बम घेऊन उभे असलेले फोटोग्राफर तुम्ही पाहिले असतील. रोलच्या काळात ते पर्यटकाचा फोटो काढायचे, पत्ता लिहून घ्यायचे आणि प्रिंट पोस्टानं घरी पाठवायचे. नंतर डिजिटल कॅमेरा आला आणि त्यांच्या खांद्याला एक बॅग लागली. त्या बॅगेत छोटा प्रिंटर असतो. फोटो काढला, कार्ड लावलं, मिनिटा-दोन मिनिटांत प्रिंट हातात. स्मार्टफोन आल्यावर त्यांचीही गिऱ्हाइकं खूप कमी झाली, हे खरं आहे. पण जो टिकला, तो 'लगेच हातात' या एका गोष्टीवर टिकला.

हे छोटे प्रिंटर डाय-सब्लिमेशन जातीचे असतात. आत रंगाची रिबन असते. कागद पुढे-मागे होत पिवळा, किरमिजी, निळा असे रंग एकावर एक बसतात आणि शेवटी वरून संरक्षक थर चढतो. म्हणून प्रिंट कोरडीच बाहेर येते आणि पाण्याच्या थेंबानं पुसत नाही. फोटो आधी पडद्यावर बघता येतो. डोळे मिटलेले असले तर दुसरा काढायचा, कागद वाया जात नाही. शिवाय मूळ फाईल तुमच्याकडे राहते. चार दिवसांनी गिऱ्हाईक आणखी तीन प्रती मागू शकतं.

इन्स्टंट फिल्मला निगेटिव्ह नसतं. जो कागद हातात आला तो एकुलता एक. तीच त्याची गंमत आणि तीच त्याची जोखीम.

पण हुरळून जाऊ नका. प्रिंटरलाही त्याच कंपनीचा कागद आणि त्याच कंपनीची रिबन लागते. तुम्ही फिल्मच्या दावणीतून सुटून रिबनच्या दावणीला बांधले जाता. फरक इतकाच की प्रिंटर बदलायचा ठरवलं तरी तुमचा कॅमेरा वाया जात नाही.

## जुना कॅमेरा घेताना काय बघायचं?

कोणाच्या नातेवाइकांनी आखातातून किंवा अमेरिकेतून आणलेला कॅमेरा कपाटात असतो. मुंबईच्या चोर बाजारात असे कॅमेरे दिसतात, ऑनलाईनही मिळतात. पैसे देण्याआधी एवढं तपासा.

१. फिल्मची जात. कॅमेऱ्यावर किंवा फिल्मच्या दारात जात लिहिलेली असते.
- एसएक्स-७० आणि ६००: नवीन फिल्म मिळते.
- आय-टाईप: नव्या पोलरॉइड कॅमेऱ्यांसाठी. ही फिल्म जुन्या ६०० कॅमेऱ्यात चालत नाही, कारण तिच्यात बॅटरी नसते. ६०० ची फिल्म मात्र नव्या कॅमेऱ्यात चालते.
- स्पेक्ट्रा किंवा इमेज: जुने कॅमेरे आतून अडकायला लागले म्हणून २०१९ मध्ये ही फिल्मच बंद केली गेली. धंद्यासाठी घेऊ नका.
- सोलायच्या फिल्मचे कॅमेरे: शोकेससाठी ठीक.
- इन्स्टॅक्स मिनी, स्क्वेअर, वाईड: तिन्हींची फिल्म वेगळी, एकमेकांत चालत नाही. तिन्ही मिळतात.

२. बॅटरी कुठे आहे? एसएक्स-७० आणि ६०० जातीत बॅटरी कॅमेऱ्यात नसून फिल्मच्या डब्यात असते. त्यामुळे विकणारा सांगतो, "चालू आहे, फक्त फिल्म नाही." यावर विश्वास कसा ठेवायचा? एक रिकामा डबा जवळ ठेवा. फोटो संपले तरी डब्यातल्या बॅटरीत बऱ्याचदा जीव असतो. तो घालून बटण दाबा. मोटर फिरली, फ्लॅश चार्ज झाला तर पुढची बोलणी करा.

३. सीलबंद जुनी फिल्म. २००८ च्या आधीच्या उत्पादनातलं पाकीट कोणी देत असेल तर त्याला धंद्याच्या हिशोबात शून्य धरा. रसायन वाळलेलं आणि बॅटरी मेलेली असण्याचीच शक्यता जास्त.

४. रुळ, लेन्स, बॅटरीचा कप्पा. रुळ गंजलेले नकोत. लेन्सला उजेडात धरून बुरशी बघा. इन्स्टॅक्सच्या सेलच्या कप्प्यात हिरवट-पांढरी पूड दिसली तर सेल गळलेले आहेत.

संग्रह करायचा असेल तर गोष्ट वेगळी. मुंबईचे दिलीश पारेख यांच्या जुन्या कॅमेऱ्यांच्या संग्रहाची नोंद गिनेस बुकात झाली. २००३ साली त्यांच्याकडे ४,४२५ कॅमेरे होते. तो छंद आहे आणि मोठा छंद आहे. पण तुम्ही कर्ज काढून किंवा साठवलेल्या पैशातून धंदा करणार असाल तर 'दुर्मिळ' हा शब्द ऐकला की सावध व्हा. दुर्मिळ मशीनचा मालही दुर्मिळच असतो.

## असलेला कॅमेरा चालू कसा ठेवायचा?

रुळ साफ ठेवा. प्रत्येक फोटोवर एकाच अंतरानं डाग किंवा रेघ येत असेल तर रुळावर रसायन वाळलंय असं समजा. फिल्मचा डबा बदलताना मऊ, किंचित ओलसर, धागे न सुटणाऱ्या कापडानं पुसा. नखानं किंवा पिनेनं खरवडू नका.

ऊन आणि उजेड. पोलरॉइडची फिल्म साधारण १३ ते २८ अंश तापमानात नीट काम करते. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा चाळीसच्या पुढे असतो, आणि लग्नाचा सीझनही तोच! उष्णतेत फोटोवर पिवळी-लालसर झाक येते. फुजी इन्स्टॅक्ससाठी ५ ते ४० अंश सांगते. म्हणजे मराठवाड्याच्या उन्हाळ्यात दुपारच्या मांडवात पोलरॉइड घेऊन उभं राहणं म्हणजे पैसे जाळणं. इन्स्टॅक्स थोडा तग धरतो, पण त्यालाही पंख्याखाली, सावलीत ठेवा. गाडीच्या डिकीत फिल्म कधीच ठेवू नका.

साठवण. पोलरॉइड फिल्म फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात, बंद डब्यात. बर्फाच्या कप्प्यात अजिबात नाही, रसायन गोठून खराब होतं. वापरायच्या आधी तासभर बाहेर काढा, म्हणजे घाम धरणार नाही. इन्स्टॅक्सला थंड, कोरडी जागा पुरते.

फोटो हलवू नका. तो झटकायची सवय सोलायच्या फिल्मच्या काळातली आहे, तेव्हा कागद वाळवायचा असायचा. आताच्या फिल्ममध्ये झटकल्यानं रसायन विस्कटू शकतं. पोलरॉइडचा फोटो बाहेर येताच उजेडापासून झाका आणि पालथा ठेवा.

मधेच दार उघडू नका. आतल्या कागदांना उजेड लागतो आणि ते वाया जातात.

वापर नसेल तेव्हा सेल काढून ठेवा. पावसाळ्यात कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. महिन्यातून एकदा बाहेर काढून हवा द्या.

फ्लॅशचा भाग घरी उघडू नका. त्यातल्या कपॅसिटरमध्ये कॅमेरा बंद असतानाही जोराचा करंट साठलेला असतो. जुगाड करायची ही जागा नव्हे. दुरुस्ती लागली तर मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजारासारख्या कॅमेऱ्याच्या बाजारात चौकशी करा. दुरुस्तीचा खर्च आधी विचारा, कुरियरचा धरून. तो कॅमेऱ्याच्या किमतीच्या निम्म्यावर गेला तर सोडून द्या.

## आता हिशोब मांडू

आकडे समजण्यासाठी धरले आहेत. तुमच्या बाजारातला भाव आजच विचारून त्या जागी टाका.

समजा, हळदीच्या कार्यक्रमात चार तास उभं राहून ६० फोटो द्यायचे आहेत.

इन्स्टॅक्स मिनीवर: दहा कागदांचं पाकीट ६०० रुपये धरू. दहातला एक फोटो वाया जातोच. कोणी हललं, कोणी डोळे मिटले. म्हणजे ६० चांगल्या फोटोंसाठी ६७ कागद लागणार, म्हणून सात पाकिटं.
- फिल्म: ४,२०० रुपये
- फोटो द्यायची पाकिटं: ३०० रुपये
- पेट्रोल: ३०० रुपये
- मदतनीस: ५०० रुपये
- एकूण: ५,३०० रुपये

एका फोटोला १०० रुपये घेतले तर ६,००० येतील. हातात राहिले ७००. चार तास उभं राहून, रात्री परत येऊन ७०० रुपये! "साठचा कागद, शंभरला विकला, चाळीस सुटले" असं डोक्यात चालतं, तिथेच माणूस फसतो. १५० रुपये घेतले तर ९,००० येतात आणि ३,७०० सुटतात. म्हणजे १५० च्या खाली काम घ्यायचंच नाही.

छोट्या प्रिंटरवर: एका प्रिंटचा कागद आणि रिबन मिळून २५ रुपये धरू. दोन प्रिंट वाया धरून ६२ प्रिंट म्हणजे १,५५० रुपये. बाकीचे १,१०० तेच. एकूण २,६५०. फोटोला ८० रुपये घेतले तर ४,८०० येतात आणि २,१५० सुटतात.

मग कोणतं चांगलं? गिऱ्हाईक बघा. एका फोटोला १५० रुपये देणारं आहे का? पाहुण्यांना लहान, पांढऱ्या काठाचा, एकुलता एक फोटो द्यायची हौस असलेलं घर असेल तर इन्स्टॅक्स. शाळेचं स्नेहसंमेलन, यात्रा, सहल असेल तर प्रिंटर, कारण तिथे भाव कमी आणि प्रती जास्त लागतात. पोलरॉइडचा एक कागद इन्स्टॅक्स मिनीपेक्षा बराच महाग पडतो आणि रंगीत फोटो पूर्ण उमटायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. शंभर पाहुण्यांच्या रांगेत ते जमत नाही. तो कॅमेरा एखाद्या खास जोडप्याच्या फोटोपुरता, वेगळा दर लावून वापरा.

## चार नियम लिहून ठेवा

१. फिल्मचे पैसे ॲडव्हान्समध्ये घ्या. ऑर्डर पक्की म्हणजे फिल्मचा खर्च गिऱ्हाइकाकडून आलेला. आपल्या खिशातून माल भरून वाट बघत बसायचं नाही.

२. स्वस्त मिळतंय म्हणून वर्षाची फिल्म भरू नका. फिल्मला एक्सपायरी असते. पुढच्या दोन ऑर्डरी आणि एक पाकीट शिल्लक, एवढाच स्टॉक. जुना स्टॉक आधी वापरा.

३. एकाच कॅमेऱ्यावर कार्यक्रम घेऊ नका. मांडवात कॅमेरा अडकला तर गावात नाव जातं, आणि गावात गेलेलं नाव परत यायला वर्षं लागतात. जोडीला दुसरा कॅमेरा किंवा प्रिंटर हवाच.

४. प्रत्येक इन्स्टंट फोटोचा मोबाईलवर किंवा स्कॅनरवर एक फोटो काढून ठेवा. घरच्यांना सांगा, फोटो उन्हात भिंतीवर लावू नका, रंग उडतात. यातूनच जोडधंदा निघतो. गावातल्या घराघरात जुने, वाळवी लागलेले फोटो आहेत. कित्येक आजी-आजोबांचा तो एकच फोटो असतो. तो स्कॅन करून, साफ करून, मोठा करून देणं या कामाला महागडी फिल्म लागत नाही, एक स्कॅनर आणि बसायची तयारी पुरते. बेंबळीसारख्या गावात मला तर इन्स्टंट फोटोपेक्षा या कामाला वर्षभर चालणारं गिऱ्हाईक जास्त दिसतं.

## या आठवड्याचा गृहपाठ

एक वही घ्या आणि तीन गोष्टी लिहा. पहिली: तुमच्या धंद्यातली 'फिल्म' कोणती? म्हणजे असा कोणता माल आहे जो थांबला तर तुमचं मशीन डबा होईल? दुसरी: तो पुरवणारे किती जण आहेत? एकच असेल तर दुसऱ्याचा फोन नंबर आणि भाव या आठवड्यात मिळवा. तिसरी: वाया जाणारा माल, पेट्रोल आणि स्वतःची मजुरी धरून तुमच्या एका नगाचा खरा खर्च किती?

ज्यांच्या घरात जुना इन्स्टंट कॅमेरा आहे त्यांनी तो आज कपाटातून काढा, सेल असतील तर काढून टाका आणि फिल्मची जात बघा. फिल्म मिळत असेल तर एक पाकीट आणून घरच्यांचे फोटो काढा. हात बसेल, किती वाया जातात तेही कळेल. पहिली ऑर्डर त्यानंतर घ्या.

तुमचा हिशोब व्हिडिओखाली लिहून पाठवा. मशीनचं नाव, मालाचा भाव आणि विक्रीचा दर, एवढं पुरे. निवडक हिशोब पुढच्या भागात सगळ्यांसमोर सोडवू.

भेटू पुढच्या आठवड्यात. तोपर्यंत, वही जवळ ठेवा!